सोलापूरचा टॉवेल आणि चादर: चाळीस धुण्यांनंतरचा अभिप्राय

मी पुण्यातील एका लॉन्ड्रीत खरेदीचे काम पाहतो. वसतिगृहे, छोटी रुग्णालये आणि अतिथिगृहे आमच्याकडून टॉवेल, चादरी आणि उशांचे अभ्रे भाड्याने घेतात. मळलेला कपडा आमच्याकडे येतो आणि धुऊन, वाळवून, घडी घालून पुन्हा त्यांच्याकडे जातो. एक टॉवेल आठवड्यातून दोनदा धुतला जातो असे धरले तरी वर्षाला शंभर धुणी होतात. त्यामुळे नवा टॉवेल दुकानात हाताला किती मऊ लागतो, याला आमच्या लेखी फारशी किंमत नसते. पन्नासाव्या धुण्यानंतर तो पाणी टिपतो का, त्याच्या कडा सरळ राहतात का आणि रंग जागेवर असतो का, एवढेच आम्हाला पाहायचे असते.

हा माल मी सहा वर्षे सोलापूरहून मागवत आलो आहे, पण तो फोनवर बोलून आणि कुरिअरने आलेले नमुने पाहून. गेल्या सप्टेंबरात वरिष्ठांनी पहिल्यांदाच मला प्रत्यक्ष कारखाने पाहून पुरवठादार ठरवण्यासाठी तिथे पाठवले. सोलापूर माझे गाव आहे म्हणून हे काम मला सोपे जाईल, असे त्यांना वाटले. मला मात्र त्याच कारणामुळे काळजी वाटत होती. माझे वडील दाजी पेठेतल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवत असत आणि आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून देत असे. आमचे भाड्याचे घर अकरा वर्षांपूर्वी सुटले, आई-वडील माझ्याकडे पुण्याला आले आणि त्यानंतर मी सोलापूरला गेलो तो फक्त लग्नकार्यांपुरता. आपल्याच पेठेतल्या मालाला नापास करताना माणसाचा हात अडखळतो, हे मला ठाऊक होते. म्हणून निघण्यापूर्वीच मी स्वतःला काही अटी घालून घेतल्या. नमुना मालकाने निवडून द्यायचा नाही, तो मी गठ्ठ्याच्या मधून काढायचा. वजन माझ्याच काट्यावर करायचे. इतर शहरांच्या मालाला लावतो त्याच कसोट्या लावायच्या, आणि चाळीस धुणी होईपर्यंत कोणालाही अंतिम होकार द्यायचा नाही. ती चाळीस धुणी आता पूर्ण झाली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसने मी गेलो आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो. लॉजबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. खोली स्वच्छ होती आणि पाणी होते, आणि सोलापुरात पाणी असणे ही लहान गोष्ट नाही, हे तिथे वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

ज्यांना सोलापूर केवळ चादरीच्या नावाने माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण मालाचे गुणदोष तिच्याशी जोडलेले आहेत. हातमाग इथे पूर्वीपासून होते. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली, जिला गाव आजही 'जुनी मिल' म्हणते, आणि तिच्यापाठोपाठ इतर गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागातल्या पेठा वसवल्या. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, पण विणकाम थांबले नाही. ते घराच्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये, चार-चार, आठ-आठ यंत्रमागांच्या कारखान्यांत चालू राहिले. गिरणीत मालाची तपासणी करणारे खाते असायचे, प्रत्येक ठाणाची नोंद व्हायची. छोट्या कारखान्यात ते सारे काम एकाच माणसाच्या डोळ्यावर आणि स्मरणशक्तीवर येऊन पडले. माझ्या मते सोलापूरच्या मालाचे आजचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही इथेच आहेत. हा माल सुताच्या बाबतीत प्रामाणिक असतो आणि कागदाच्या बाबतीत निष्काळजी.

मी एकूण पाच कारखाने पाहिले. त्यांपैकी दोघांचाच माल चाळीस धुण्यांपर्यंत नेला, म्हणून त्या दोघांबद्दलच लिहितो. नावे देत नाही, कारण एकाबद्दल माझी तक्रार आहे आणि दुसऱ्याचे मालक संकोची आहेत.

पहिला कारखाना अशोक चौकाच्या अलीकडे एका बोळात आहे. बारा माग, त्यांपैकी नऊ चालू. उरलेले तीन का बंद आहेत असे विचारल्यावर मालकांनी सरळ सांगितले की चालवायला माणसे नाहीत; तरुण मुले पुण्याला किंवा हैदराबादला जातात आणि माग शिकायला कोणी येत नाही. मालकांचे वय सत्तरीच्या आसपास असेल. त्यांच्या हाताखाली एक जॉबर होता, जो मागांची दुरुस्तीही पाहत होता आणि गठ्ठेही मोजत होता.

टेरी टॉवेल कसा विणला जातो हे माहीत असले की त्यात काटकसर कुठे होते तेही समजते. टेरीच्या मागावर दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, असतात. एक जमिनीचा, म्हणजे कापडाच्या पायाचा, घट्ट ताणलेला, आणि दुसरा लूपचा, सैल सोडलेला. मागाची फणी बाण्याचे, म्हणजे आडवे, पहिले दोन धागे कापडाच्या कडेपर्यंत न नेता थोडे अलीकडेच ठोकते आणि तिसऱ्या धाग्याच्या वेळी तिन्ही धागे एकदम पुढे रेटते. त्या क्षणी घट्ट ताणा जागेवर राहतो आणि सैल ताण्याचे वेटोळे वर उभे राहते. टॉवेलवर आपल्याला दिसणारा लूप तो हाच. आता ज्याला सूत वाचवायचे असते तो एका इंचात बसणारे बाण्याचे धागे कमी करतो. टॉवेल तेवढाच लांब, तेवढाच फुगीर दिसतो, परंतु लूपला धरून ठेवणारी पकड ढिली होते आणि दहा-पंधरा धुण्यांनंतर लूप ओढले जाऊन टॉवेलला लांब दोरे सुटतात. हे दुकानातल्या उजेडात दिसत नाही. भिंगाखाली धागे मोजावे लागतात. या कारखान्यातल्या मधल्या गठ्ठ्यातून काढलेल्या दहा टॉवेलांत धाग्यांची संख्या मालकांनी तोंडी सांगितली होती तेवढीच भरली.

गठ्ठे पाहत असताना मालक जॉबरला तेलुगूत म्हणाले की आतल्या खोलीतली कालची गाठ, म्हणजे मालाचा बांधलेला गठ्ठा, यांना दाखवू नकोस. दाजी पेठेत वाढलेल्या मुलाला तेलुगू येते, घरची भाषा मराठी असली तरी. ऐकून न ऐकल्यासारखे करणे मला योग्य वाटले नाही; तशा ऐकण्यावर खरेदी ठरवणे ही फसवणूकच झाली असती. मी त्यांना मराठीतच सांगितले की मला तुमचे बोलणे कळले आहे आणि ती गाठ मला पाहायची आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तेलुगूत त्यांनी विचारले, "तू कोणत्या पेठेतला?" तोपर्यंत ते मला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणत होते. मी वडिलांच्या कारखान्याची गल्ली सांगितली. त्यांनी वडिलांना ओळखले असे झाले नाही, पण गल्ली ओळखली, आणि आतली गाठ स्वतः उचलून आणली.

त्या गाठीतल्या टॉवेलांवर आडवे पट्टे होते. एका पट्ट्यात लूप उंच, पुढच्या पट्ट्यात ठेंगणे. लूपच्या ताण्याच्या रुळाचा ब्रेक घसरल्यामुळे ताण कमीजास्त झाला होता. ती गाठ त्यांनी सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, काढायला वेगळी ठेवली होती आणि पाहुण्याला असला माल दाखवायचा नसतो म्हणून लपवायला सांगितले होते. माझ्या दृष्टीने त्या गाठीनेच कारखान्याची परीक्षा झाली. ज्या ठिकाणी दोष असलेला माल वेगळा काढला जातो, तिथे कोणीतरी दोष पाहत असतो.

अर्थात 'तू' म्हटल्यानंतर दराची बोलणी अवघड झाली, हेही नोंदवले पाहिजे. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला पेठेतला मुलगा म्हणून वागवू लागला की त्याच्याशी किलोमागे दोन रुपयांसाठी अडून बसणे जिवावर येते. मी चहा घेतला आणि दर आज बोलायचा नाही, पुण्याहून लेखी मागवीन, असे सांगून उठलो. आपल्या गावात कामासाठी जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवीन की गप्पा प्रत्यक्ष माराव्यात आणि भाव कागदावर ठरवावा.

टॉवेलांचा ठोक व्यवहार किलोवर होतो आणि सुताचा दर सतत बदलत असतो, म्हणून इथे किंमत लिहिण्यात अर्थ नाही. वजन मात्र लिहितो. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा, ५०० ग्रॅमचा पांढरा टॉवेल असा आमचा करार होता. पहिल्या कारखान्याचे दहा टॉवेल ४९१ ते ५०७ ग्रॅमच्या दरम्यान भरले. एवढा फरक मी चूक मानत नाही, कारण कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रमाणित हवेत कोरड्या सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हिशेबात धरण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात तोच टॉवेल जड भरतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हलका. सप्टेंबरात तोललेला माल एप्रिलमध्ये कमी भरला म्हणून पुरवठादारावर आरोप करणारे खरेदीदार मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा एकाच खोलीत एक दिवस उघडे ठेवून तोलावे, म्हणजे भांडण होत नाही.

दुसरा कारखाना बराच मोठा, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत. काचेचे कार्यालय, छापील माहितीपत्रक, प्रत्येक प्रकाराचे वजन आणि सुताचा नंबर, म्हणजे त्याची जाडी-बारीकी, लिहिलेला तक्ता. खरे सांगायचे तर मला हे पाहून बरे वाटले, कारण पहिल्या कारखान्यात कागद म्हणून एक वही होती आणि तीही कुठल्या भाषेत वाचायची हे ठरवावे लागत होते. इथले नमुने उत्तम होते. नमुने पाहून मागवलेला पन्नास डझनांचा पहिला माल मात्र तसा नव्हता. ५०० ग्रॅम लिहिलेले टॉवेल सरासरी ४६२ ग्रॅम भरले, आणि ही तूट ओलाव्याने समजावता येणारी नाही. मी फोन केला तेव्हा समोरच्यांनी 'एवढे इकडे-तिकडे चालते' असे उत्तर दिले. आमच्याकडे ते चालत नाही. पन्नास डझनांवर साधारण तेवीस किलो सूत कमी मिळाले होते आणि पैसे पूर्ण घेतले गेले होते.

आता धुण्याचे निकाल. आमच्याकडे पांढरा माल गरम पाण्यात, साबण-सोड्याबरोबर आणि गरजेप्रमाणे क्लोरीनचे ब्लीच घालून धुतला जातो. घरचे धुणे याच्या तुलनेत फार सौम्य असते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. नवा टॉवेल मऊ लागावा म्हणून त्याला शेवटी सिलिकॉनचे सॉफ्टनर देतात, आणि ते पाणी अडवते. टॉवेलचा चार इंची तुकडा पाण्यावर अलगद सोडून तो किती वेळात बुडतो हे पाहणे, ही साधी पण खरी परीक्षा आहे. दुसऱ्या कारखान्याचा नवा तुकडा एक मिनिट होऊनही तरंगतच राहिला. पहिल्याचा, जो हाताला थोडा खरखरीत लागत होता, वीस सेकंदांत बुडाला. तीन धुण्यांनंतर दोघांमध्ये फरक उरला नाही, दोन्ही तुकडे लगेच बुडू लागले. घरासाठी टॉवेल घेणाऱ्यांनी एवढे जरूर करावे, की नवा टॉवेल वापरण्यापूर्वी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावा आणि तो पाणी टिपत नाही म्हणून लगेच दुकानदाराला दोष देऊ नये.

चाळीस धुण्यांनंतर पहिल्या कारखान्याचा टॉवेल लांबीला १५० वरून १४२ सेंटीमीटरवर आला, रुंदीला ७५ वरून ७३ वर. हे आटणे मला मान्य होण्याजोगे आहे. लूप ओढलेला एकही टॉवेल निघाला नाही. शिवलेल्या कडांपैकी मात्र दहातील तिघांची टीप सुटली, आणि हा दोष विणकामाचा नसून शिलाईचा आहे. मालकांना कळवल्यावर त्यांनी बाहेर शिवायला देत असल्याचे सांगितले आणि कडेला दुहेरी टीप मारून देण्याचे मान्य केले. दुसऱ्या कारखान्याच्या टॉवेलांत शिलाई निर्दोष होती, पण पंचविसाव्या धुण्याच्या सुमारास दोरे सुटू लागले, आणि निळी किनार तर बाराव्या धुण्यापासूनच उतरली. माहितीपत्रकात 'व्हॅट रंग' असे छापलेले होते. व्हॅट रंग ब्लीचला बहुतांशी दाद देत नाहीत; रिॲक्टिव्ह रंग उठावदार असतात, पण क्लोरीनपुढे टिकत नाहीत. ही किनार ब्लीचचा एक थेंब टाकताच फिकट झाली. रिॲक्टिव्ह रंग वापरणे हा गुन्हा नाही, घरगुती टॉवेलला तो उत्तम आहे. परंतु जे वापरले तेच छापावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

आता चादर, जिच्यामुळे सोलापूरचे नाव घरोघरी पोहोचले. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला, दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मी पहिल्या कारखान्याच्या शेजारच्याच शेडमधून, जिथे जेकार्डवर चादरी निघतात, दोन चादरी स्वतःच्या पैशाने घेतल्या. जेकार्डवर नक्षीप्रमाणे भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरत असते आणि कोणता धागा उचलायचा, कोणता खाली ठेवायचा हे त्या भोकांवरून ठरते. त्यामुळे नक्षी छापलेली नसते, विणीतच असते, आणि चादर उलटली की तीच नक्षी अदलाबदल झालेल्या रंगांत दिसते. खरी चादर ओळखण्याची माझ्या माहितीतली सर्वांत सोपी खूण हीच आहे. एका बाजूला भडक आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसणारी चादर छापील असते, मग तिच्या पिशवीवर कोणत्याही गावाचे नाव असो. चांगले कारखानदार आपले नाव कोपऱ्यात विणून घेतात. शिवलेल्या लेबलापेक्षा त्या विणलेल्या नावावर अधिक विश्वास ठेवावा.

मी घेतलेली चादर ६० बाय ९० इंचांची आणि १६४० ग्रॅम वजनाची आहे. घरासाठी तिला मी निःसंकोचपणे पूर्ण गुण देईन. पुण्याच्या थंडीत ती पांघरूण म्हणून पुरली, उन्हाळ्यात अंथरूण म्हणून चालेल, आणि आमच्या घरात अशीच एक चादर माझ्या शाळेच्या वयापासून वापरात आहे, तिच्या कडा विरल्या आहेत पण मधला पोत शाबूत आहे. आमच्या लॉन्ड्रीसाठी मात्र मी तिची शिफारस केली नाही. ओली झाल्यावर ती फार जड होते, वाळायला साध्या चादरीच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, आणि नक्षीसाठी पृष्ठभागावर लांब सोडलेले धागे यंत्रात इतर कपड्यांच्या बटणांत, चेनमध्ये अडकून ओढले जातात. ज्या कामासाठी ती विणलेली नाही, त्या कामात ती मागे पडली तर दोष तिचा नाही.

घेतलेल्या दोन चादरींपैकी लाल चादरीचा रंग पहिल्या चार धुण्यांत सुटला. बादलीत मीठ टाकले की रंग पक्का होतो, असे माझी आईही सांगते, पण ते खरे नाही. रंग बसायचा तेवढा रंगाऱ्याकडेच बसलेला असतो. उरलेला सुटा रंग थंड पाण्यात वेगळी धुऊन काढून टाकावा लागतो. तो कारखान्यातच नीट धुऊन काढला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोलापुरात रंगकामाला लागणारे पाणी महाग आहे, हे मी जाणतो. तरीही शेवटचे धुणे वाचवून गिऱ्हाइकाच्या बादलीत ढकलणे बरोबर नाही, कारण तिथे एका चादरीबरोबर घरातले इतर कपडेही खराब होतात.

निर्णय पहिल्या कारखान्याच्या बाजूने झाला. तसे वरिष्ठांना लिहिताना मी अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात नमूद केले की हे माझे गाव आहे, मालकांशी माझे बोलणे त्यांच्या भाषेत झाले आहे, आणि म्हणून वजनाचे व धुण्याचे आकडे माझ्या सहकाऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा तपासावेत. त्याने तपासले, आकडे जुळले.

मागणी देताना मी एकच नवी अट घातली. प्रत्येक गाठीवर चिठ्ठी असावी आणि तिच्यावर वजन, सुताचा नंबर आणि रंगाचा प्रकार लिहिलेला असावा. मालकांना ही अट सुरुवातीला अपमानास्पद वाटली. चाळीस वर्षे तोंडी शब्दावर धंदा केला, असे ते म्हणाले, आणि ते खरेच असणार. मी त्यांना सांगितले की तुमचा शब्द मी इथे बसून ऐकला, पण पुण्यात गाठ उघडणाऱ्या मुलाने तो ऐकलेला नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात चाळीस डझनांची पहिली खेप आली. प्रत्येक गाठीला वहीच्या कागदाची, निळ्या शाईने लिहिलेली चिठ्ठी टाचलेली होती. लाल किनारीच्या चार गाठींवर वजन आणि नंबराखाली मराठीत आणखी एक ओळ होती: 'रंग रिॲक्टिव्ह आहे, ब्लीच घालू नये.' त्या गाठी आम्ही रुग्णालयांकडे न पाठवता वसतिगृहांसाठी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.